कोरड्या हवेचा डबा

१९७८ सालच्या सप्टेंबरमध्ये, एका गुरुवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास, सोलापुरात विजापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये माझ्या थोरल्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत चुना गेला. तो एका परदेशी बसखाली उताणा पडून काम करत होता. त्याचं वय छत्तीस होतं. गॅरेज त्याचं स्वतःचं होतं. मी त्याच्या पायांपासून चार-पाच फुटांवर, त्या बसचं माहितीपुस्तक हातात घेऊन उभा होतो.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्यांच्या वार्ताहरांची पत्रं छापण्याजोगी करणं हे माझं काम. मोहोळच्या बाजारातली आवक, मैंदर्गीची पाण्याची ओरड, नातेपुत्याच्या रस्त्याची दुर्दशा. ड्यूटी दुपारी तीनला सुरू होई आणि सकाळ मोकळी असे. त्या आठवड्यातल्या चार सकाळी मी भावाच्या गॅरेजमध्ये दुभाष्या म्हणून घालवल्या. आमच्याकडे थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. आई कानडी बोलायची, आप्पा मराठी, आम्ही दोन्ही. अण्णा मला तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. मी तीस वर्षांचा होतो तरी म्हणायचा.

बस रविवारी दुपारी आली. परदेशी नवरा-बायको होते, दोघंही पन्नाशीच्या आतले. तो त्यांच्या देशात शाळामास्तर होता. बाई काय करायची हे मी विचारलं नाही. जुनी प्रवासी बस विकत घेऊन त्यांनी आतल्या सीटा काढल्या होत्या आणि तिथे पलंग, दोन शेगड्या, भांडी घासायचं बेसिन, पुस्तकांची फळी आणि पाण्याची मोठी टाकी बसवली होती. खिडक्यांना पडदे होते. मंगळूरकडून भर पावसात घाट चढून ती बस हुबळी, विजापूर करत आली होती. गॅरेजच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. तो वेल्डर आधी बसला एक फेरी मारून आला, मग दारातून आत डोकावला.

"बंगला है रे अण्णा, चाकां लगाको फिरतें लोगां," तो म्हणाला. "संडास बी है अंदर. तेरे घर में है क्या?"

अण्णाच्या घरात नव्हता. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी राहत. वहिनीने ते ऐकलं आणि आतूनच सांगितलं की त्यांना विचारून घ्या, भाडेकरू ठेवतात का.

तक्रार ब्रेकची होती. भीमेच्या पुलाअलीकडे म्हशी आडव्या आल्या, मास्तराने ब्रेक दाबला, तो लागायला उशीर झाला आणि मग एकदम आवळला. हवेच्या ब्रेकमध्ये पायाखालचा पॅडल दाबला की टाकीत कोंडलेली हवा चाकांकडे जाते आणि ती चाकं धरते. ही हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. हवा दाबली की तिच्यातल्या दमटपणाचं पाणी होतं आणि ते टाकीच्या तळाशी साचतं. आपल्याकडच्या ट्रकचे ड्रायव्हर रोज सकाळी टाकीखालचा कॉक उघडून हे पाणी सोडतात. या बसला कॉम्प्रेसर आणि टाकी यांच्यामध्ये एक जादा डबा होता. मोठ्या पितळी तांब्याएवढा. त्याला ड्रायर म्हणतात असं पुस्तकात होतं. त्यात पांढरे मणी भरलेले असतात, ते हवेतलं पाणी पिऊन घेतात आणि टाकीत कोरडी हवा जाते. टाकी भरली की डब्याच्या बुडातला व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेलं पाणी हवेच्या झोताबरोबर रस्त्यावर फेकतो. अण्णाने या झोताला शिंक म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे तेच म्हणू लागलो. असला डबा त्याने पूर्वी पाहिला नव्हता. सोलापुरात कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

सोमवारी त्याने सगळं उघडलं. टाकीच्या कॉकमधून दुधाच्या चहासारखं पाणी निघालं, डालड्याचा लहान डबा भरून. ड्रायरचं झाकण काढलं तर आतले मणी काकवीत भिजलेल्या साबुदाण्यासारखे दिसत होते. अण्णाने दोन बोटांत घेऊन वास घेतला आणि इंजिनतेल आहे म्हणून सांगितलं. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या होत्या. त्यातून तेल हवेबरोबर वर येत होतं आणि मण्यांवर बसत होतं. तेल प्यायलेला मणी पाणी पीत नाही. मास्तर हे डब्याकडे बोट दाखवून मला समजावू लागला तोवर अण्णा कॉम्प्रेसरचे नट सैल करायला लागला होता.

मंगळवारी रिंगा बसल्या. त्या एका देशी ट्रकच्या होत्या, लेथवर मापाला उतरवून घेतलेल्या. व्हॉल्व्ह रॉकेलात धुतला, त्याची रबराची चकती नवी कापून घातली. मणी खराब झालेले असल्यामुळे अण्णाने ड्रायर बाजूला काढून ठेवला आणि त्याच्या जागी तांब्याची सरळ नळी जोडली. संध्याकाळी बस सोरेगावपर्यंत नेऊन आणली. मास्तराने सहा वेळा ब्रेक दाबला. सहाही वेळा बस सरळ उभी राहिली. अण्णाने मला सांगायला लावलं की रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी कॉक उघडून पाणी सोडायचं, बस्स, आमचे ट्रक असेच कन्याकुमारीपर्यंत जातात.

काम इथे संपलं होतं.

मास्तराने नकाशा आणला. त्यांना परत जायचं होतं ते इराण आणि तुर्कस्तानच्या डोंगरांतून, ऐन थंडीत. तिथे नळीत चमचाभर पाणी राहिलं तरी त्याचा बर्फ होतो आणि उतारावर ब्रेक जातो. असे गेलेले दोघे त्याच्या ओळखीचे होते. नवा डबा त्यांच्या देशातून मागवला तर यायला सहा ते आठ आठवडे लागतील आणि गाडी भारतात ठेवण्याचा परवाना त्याआधी संपतो. हा जुना डबा पुन्हा भरता येईल का, असं त्याने विचारलं. पुस्तकात त्यावर एक वाक्य होतं. डब्यात कारखान्याचेच मणी भरावेत, दुसरं काहीही भरू नये. ते मी दोन वेळा वाचलं आणि अण्णाला मराठीत पूर्ण सांगितलं. त्याने ऐकलं. त्यांच्या पुस्तकात काय लिहिणार, कारखाना त्यांचाच, असं तो म्हणाला.

बुधवारी सकाळी मी मणी शोधायला सायकलवर निघालो. ते मणी म्हणजे कॅमेऱ्याच्या डब्यात असतात त्या जातीचे, हे मास्तराने सांगितलं होतं. नवी पेठेतल्या फोटो स्टुडिओत सहा पुड्या मिळाल्या. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ओळखीच्या शिक्षकाने अर्धी बरणी दिली. सगळं मिळून पावशेर भरलं नाही. डब्याला दीड किलो लागत होतं. अकराच्या सुमारास गॅरेजच्या दारात चहा घेताना अण्णा रिकाम्या डब्याकडे बघत बसला होता. हातात घेतलेलं काम सोडावं लागलं की तो असा बसायचा.

चुन्याची आठवण पहिल्यांदा मी काढली.

आप्पांचं बियाण्यांचं छोटं दुकान होतं. ज्वारी, करडई, तूर पोत्यात राहते. कांद्याचं बी तसं राहत नाही. एक पावसाळा दमट हवेत काढला की ते उगवत नाही. म्हणून आप्पा पत्र्याच्या डब्याच्या तळाशी कळीच्या चुन्याचे खडे धडप्यात बांधून ठेवत, वर बियांची पिशवी आणि झाकणाच्या कडेला मेण. चुना ओल ओढून घेतो. त्यांचं कांद्याचं बी दोन-दोन वर्षं उगवायचं आणि त्यासाठी माणसं मंद्रूपहून येत. पुरचुंड्या बांधायचं काम आम्हा दोघांकडे असे. पावसाळा संपल्यावर डबे उघडायचं कामही. खड्यांचं तेव्हा पीठ झालेलं असे आणि पुरचुंडी बांधली होती त्याच्या दुप्पट फुगलेली असे. कधी कधी धडपा उसवून पीठ बाहेर आलेलं असे. हे आम्ही दर वर्षी पाहत होतो.

मी एवढंच विचारलं, की अण्णा, आप्पा कांद्याच्या डब्यात काय ठेवायचे.

त्याने कप खाली ठेवला. "डोकं हाय की तम्मा तुला," तो म्हणाला. "उगं पेपरात कुजतोयस."

चुना भट्टीवरून ताजा आणला. अण्णाने तो हातोडीने वाटाण्याएवढा फोडला, चाळला, बारीक भुकटी फेकून दिली, खडे दुहेरी कापडाच्या पिशवीत भरले आणि पिशवी डब्यात दाबून बसवली. मास्तराला मी चुना म्हणजे काय ते सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि मान हलवली. बाई तेव्हा बाजारात गेली होती. डबा जागेवर चढला. इंजिन अर्धा तास चालवलं. डब्याला दोनदा शिंक आली. अण्णाने वहिनीचा आरसा मागून घेतला आणि टाकीच्या कॉकसमोर धरून हवा सोडली. आरशावर धुकं आलं नाही. वेल्डरने आरसा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा करून पाहिला. मास्तराने अण्णाचा हात दोन्ही हातांत धरला आणि डब्याजवळ उभं करून त्याचा फोटो काढला. मी तीन वाजता ऑफिसला गेलो.

गुरुवारी ते निघणार होते. दहाच्या सुमारास इंजिन सुरू केलं. दाबाचा काटा चढत खुणेपाशी आला, खूण ओलांडून पुढे गेला आणि शिंक आली नाही. अण्णा बसखाली सरकला. डब्याला हात लावून तो म्हणाला की गरम लागतंय. मग स्वतःच म्हणाला, कॉम्प्रेसरची गर्मी असंल. कॉम्प्रेसर सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. चुन्याने रात्रभरात नळ्यांमधली ओल पिऊन घेतली होती, पिशवी फुगली होती आणि पीठ कापडातून उतरून बुडातल्या व्हॉल्व्हच्या वाटेत बसलं होतं. हे डबा नंतर उघडल्यावर दिसलं. डब्याच्या आत त्या वेळी पाच-सहा ट्यूबा फुटतील एवढी हवा कोंडलेली होती.

इंजिन बंद करून आधी टाकी रिकामी करायची, मगच खाली हात घालायचा. अण्णा हे प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचा. त्या दिवशी त्याने ते का केलं नाही, हे त्याने नंतरही कधी सांगितलं नाही. त्याने मला विचारलं की व्हॉल्व्ह उघडला नाही तर काय करायचं ते पुस्तकात बघ. मी पान शोधत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, थांब, तार घालून बघतो.

आवाज शिंकेसारखाच झाला, फक्त लांबला. बसच्या खालून पांढरा लोट बाहेर आला. अण्णा कोपरांवर रेटत स्वतःच बाहेर आला आणि बसला. त्याचा चेहरा, केस, मिशी पांढरी होती. चुना ओला आणि ऊन होता. त्याने डोळे घट्ट मिटले होते आणि हात चेहऱ्यापासून दूर, हवेत धरले होते. तो ओरडत नव्हता. दातांतून श्वास घेत होता.

पुढच्या पाच मिनिटांचं मी शक्य तितकं नेमकं लिहितो. वेल्डरला नंतर विचारून जे जुळलं तेवढंच इथे आहे.

बाई बसच्या दारातून उतरली. तिच्या हातात पाण्याने भरलेला प्लास्टिकचा मोठा जग होता. ती धावत अण्णाकडे आली. मी तिच्या आणि अण्णाच्या मध्ये उभा राहिलो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो उकळतो. घरांना सफेदी करायची तेव्हा पिंपात चुना विरवताना पोरांना अंगणातून हाकलून देतात, हे सोलापुरात कुणालाही माहीत आहे. मी इंग्रजीत म्हणालो की हा चुना आहे, पाणी नको. ती म्हणाली पाणी, खूप पाणी. ती हे तीनदा म्हणाली. मी तिचा दंड धरला. वेल्डरने तिच्या हातातला जग धरला. "पानी मत डालो, उबलेगा," तो तिला सांगत होता. तिला ते कळत नव्हतं. ओढाताणीत जगातलं पाणी जमिनीवर सांडलं. तिने नवऱ्याला हाक मारली. तो इंजिन बंद करून आला आणि बाजूला उभा राहिला. तो माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं असावं की इथल्या माणसांना इथला चुना जास्त माहीत असेल.

पानाच्या चुन्याने तोंड आलं तर आमच्याकडे तूप लावतात. डोळ्यात काही गेलं तर एरंडेल घालतात. वहिनी आतून एरंडेलाची बाटली घेऊन आली. मी अण्णाचं डोकं मागे धरलं. पापण्या उघडत नव्हत्या, त्या वेल्डरने बोटांनी उघडल्या. वहिनीने दोन्ही डोळ्यांत तेल सोडलं आणि लुगड्याच्या पदराने चेहरा पुसला. अण्णा एकदाच बोलला. जळतंय लई, म्हणाला. वहिनीने आणखी तेल घातलं.

मग रिक्षा शोधली. दवाखान्याच्या केसपेपरवर वेळ दहा पन्नास आहे. म्हणजे पस्तीस मिनिटं गेली होती. बसमधल्या टाकीत त्या वेळी दोनशे लिटर पाणी होतं. मास्तराने ती सकाळीच भरून घेतली होती.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी काही विचारण्याआधी सलाईनची बाटली उलटी टांगली आणि नळी अण्णाच्या डोळ्यांवर सोडली. एक संपली, दुसरी लावली. पापण्या उलटून चिमट्याने चुन्याचे कण काढले. तेलात मळलेला चुना पापणीच्या आत गच्च बसला होता. हे सगळं पाऊण तास चाललं. अण्णाला दोन माणसांनी धरलं होतं. त्यानंतर ते हात धूत असताना त्यांनी मला विचारलं की तिथे पाणी नव्हतं का.

होतं म्हणालो.

"मग?"

चुना उकळला असता, असं मी सांगितलं.

त्यांनी नळ बंद केला. "थोड्या पाण्यात उकळतो," ते म्हणाले. "भरपूर पाण्यात वाहून जातो. डोळ्यातलं पाणी थोडंच असतं ना? त्यात तो पस्तीस मिनिटं होता."

ते रागावले नव्हते. त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

त्या दिवशी मी तीन वाजता ऑफिसला गेलो आणि ड्यूटी केली. शहराच्या पानासाठी चार ओळींची बातमी लिहिली. डोळ्यांत चुना गेल्याने मेकॅनिक जखमी, असा मथळा होता. मजकुराचं शेवटचं वाक्य होतं: जखमीवर तातडीने उपचार करण्यात आले. ते दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापून आलं. दैनिकातल्या अकरा वर्षांत जाणूनबुजून खोटं लिहिलेलं माझं ते एकच वाक्य आहे. माझ्या माहितीत तरी एकच.

अण्णा वॉर्डात सत्तावीस दिवस होता. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. पापणीची आतली बाजू बुबुळाला चिकटू नये म्हणून नर्स दिवसातून चारदा काचेची बारीक कांडी मलमात बुडवून पापणीखालून फिरवायची. त्या वेळी तो पलंगाची लोखंडी कड धरायचा. कडेचा रंग एका जागी निघाला. शेजारच्या कॉटवर मोतीबिंदूचा एक म्हातारा होता, अक्कलकोटकडचा. तो अण्णाशी कानडीत बोलायचा आणि नर्स येताना दिसली की आधीच सांगायचा, आली बघ तुझी कांडीवाली.

परदेशी बाई रोज यायची. नर्सच्या हातून कांडी घेऊन तिने दुसऱ्याच दिवशी ते काम स्वतः केलं. नर्सने ते करू दिलं, कारण तिचा हात पाहूनच नर्सला कळलं होतं. बारा वर्षं बाई एका इस्पितळात परिचारिका होती. ते मला तेव्हा, वॉर्डात समजलं.

ती माझ्याशी पाण्याबद्दल कधी बोलली नाही. वहिनी एकदाच बोलली. चौथ्या की पाचव्या दिवशी, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, जेवणाचा डबा उघडता उघडता. भाकरीचा तुकडा हातात तसाच होता.

"मी अडाणी. मला जे ठावं त्ये मी केलं," ती म्हणाली. "तुमी शिकलेले. तुमाला बी ठावं नव्हतं व्हय?"

मी नाही म्हणालो. तिने भाकरी मोडून माझ्या ताटलीत वाढली.

अण्णा बसबद्दलच विचारायचा. डबा काढला का, नळी बसवली का, टाकीतला चुना धुऊन काढला का. वेल्डरने ते सगळं केलं होतं. मास्तर भेटायला आला की अण्णा उशीवरून मान न हलवता हाताने कॉक फिरवल्याची खूण करायचा आणि मास्तर तीच खूण करून त्याच्या तळहातावर बोट टेकवायचा, म्हणजे आज सकाळी पाणी सोडलं. अकराव्या दिवशी ते दोघं निघाले, सरळ नळी लावून आणि रस्त्यात कुठेतरी थंडीआधी नवा डबा मिळेल या आशेवर. निघताना मास्तराने मला त्यांचा पत्ता दिला. त्यावर मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ते पोचले की नाही हे मला माहीत नाही.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी डॉक्टरांनी वहिनीला आत घेतलं नाही. बुबुळांच्या जागी दह्याच्या कवडीसारखं पांढरं होतं. डॉक्टरांनी बोटं धरून किती आहेत विचारलं. अण्णाने अंदाजाने तीन सांगितली. डॉक्टरांनी हात आधीच खाली घेतला होता.

डिसेंबरात मिरजेला दाखवलं. बुबुळ बदलण्याबद्दल मी विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की चुन्याने जळलेल्या डोळ्यात नवं बुबुळ धरत नाही. मागची जमीनच राहिलेली नाही. लवकर धुतला असता तर, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. अण्णाने विचारलं, तर काय. त्यांनी सांगितलं, तर काही राहिलं असतं. किती ते कुणाला सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत वहिनीला झोप लागली होती. पंढरपूर मागे पडल्यावर मी अण्णाला सांगितलं की बाई पाणी घेऊन आली होती आणि तिला मी अडवलं. तोवर मला वाटत होतं की त्याला ते माहीत नसावं.

"ऐकलं की," तो म्हणाला. "मिटलं होतं ते डोळं. कान न्हाय."

तो पुढे म्हणाला, "तू न्हाई अडवलं असतं तर मी अडवलं असतं. चुनाच तो." मग खिडकीची काच खाली ओढायला सांगितली, वारं लागतंय म्हणून.

डोळे गेलेला मेकॅनिक इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगतो, अशा गोष्टी लोक अण्णाला ऐकवायचे. त्याने दोन महिने प्रयत्न केला. खुर्ची टाकून बसायचा, ड्रायव्हर इंजिन चालवून दाखवायचे. एकदा त्याने बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं आणि ते उघडलं तर बेअरिंग चांगलं होतं, दोष पंख्याच्या पट्ट्याचा होता. पट्टा नुसता बघितला असता तरी कळलं असतं. ड्रायव्हरने बेअरिंग परत बसवायला लावलं आणि तो गेला. अण्णाने दुसऱ्या दिवशीपासून खुर्ची बाहेर टाकली नाही. फेब्रुवारीत वेल्डरने अण्णाकडून गॅरेज घेतलं आणि मधली भिंत पाडून ती जागा आपल्या दुकानाला जोडली. हत्यारं त्याच्याकडेच राहिली. मागच्या दोन खोल्या त्याने वहिनीला तशाच राहू दिल्या.

१९७९ सालच्या मार्चमध्ये सरकारी दाखल्यासाठी अण्णाची तपासणी झाली. डॉक्टर सोलापूरचे तेच तरुण होते. खोलीचा दरवाजा लावून पडदा ओढला. डॉक्टरांनी अण्णाला सांगितलं की बॅटरी लावली की हो म्हण आणि उजेड कुठून येतो तिकडे हात कर. उजव्या डोळ्यासमोर बॅटरी पाच वेळा लावली. पाचही वेळा त्याने हो म्हटलं. एकदाही हात बरोबर दिशेला गेला नाही. डाव्या डोळ्यासमोर पाच वेळा लावली. तो वाट पाहत राहिला आणि मग त्याने विचारलं, लावली का. डॉक्टरांनी नोंद मला वाचून दाखवली. उजवा डोळा: उजेड कळतो, दिशा कळत नाही. डावा डोळा: उजेड कळत नाही. सुधारणेची शक्यता या रकान्यात त्यांनी नाही असं लिहिलं, सही केली आणि तारीख घातली.